पहिली बारा सेकंदं

हेमावतीला जेवताना बोललेलं आवडत नसे आणि तिच्या आत्याला, राजसबाईंना, बोलल्याशिवाय घास गिळवत नसे. त्यामुळे मद्रासच्या अड्यारमधल्या त्या घरात दुपारच्या जेवणाला एकीने बोलायचं आणि दुसरीने हूं हूं करायचं, असा वर्षानुवर्षांचा तह झालेला होता. १९९०च्या ऑगस्टातल्या त्या दुपारीही तो नीट पाळला जात होता. हेमावती खुशीत होती. आठवड्याभराचं काम तासाभरापूर्वी हातावेगळं झालं होतं, आणि तिला फक्त रसम-भात खाऊन झोपायचं होतं.

काम म्हणजे एक टेप. हेमावती कुणाची नोकर नव्हती. स्वतःचा कॅमेरा, स्वतःचे पाय आणि लंडनच्या एका वृत्तसंस्थेचा फोन नंबर, एवढ्या भांडवलावर ती चार वर्षं समुद्रापलीकडच्या श्रीलंकेतल्या लढाईच्या बातम्या चित्रित करत होती. रामेश्वरला लागणाऱ्या होड्या, मंडपमची निर्वासितांची छावणी, दोनदा खुद्द कोलंबो. टपालाने टेप पाठवली तर आठवडा जाई आणि कस्टमवाले डबा फोडून बघत. म्हणून या धंद्यातले सगळे करतात तेच ती करी. लंडनला निघालेला ओळखीचा प्रवासी गाठायचा आणि टेप त्याच्या हातपिशवीत ठेवायची. आजचा प्रवासी होता गिंडीला लहानसा कारखाना चालवणारा गुरुमूर्ती. त्याच्या मुलीच्या लग्नाचं चित्रीकरण हेमावतीच्या वडिलांनी केलेलं, तेव्हा नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. साडेअकराला तो दारावरून टेप घेऊन गेला. विमान पावणेतीनचं होतं.

"कां ग हेमा," राजसबाई ताक ओतत आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "त्या कॅसेटींत आरंभी दिसते ती पोरी कोण? हनवटीखाली पांढरा रुमाल धरलेली. भुवईवर वण आहे बघ. लक्षणाची आहे, पण डोळे रडून रडून सुजलेले."

हेमावतीचा हात ताटातच थांबला.

"कुठली मुलगी, अत्ते?"

"तुझ्या कॅसेटींतली की. पुढचं अस्कं बोलणं पाठमोरं. पण आरंभी तोंड दिसतंय नव्हे? कॉफी घेऊन खाली गेलेतें, तेव्हां बघितलें."

हेमावती हात न धुताच उठली, कोपऱ्यातली कॅमेऱ्याची बॅग खांद्याला मारली आणि जिन्याकडे धावली. मागून आत्या म्हणत होत्या, हात तरी धू, ताक तरी पी. तिला ऐकू आलं नाही. मागच्या गल्लीत रिक्षा उभी होती. तिने मीटरची भाषाही केली नाही.

"मीनंबाक्कम. विमानतळ. जेवढ्या जोरात जाता येईल तेवढ्या."

टेपमधली ती बाई कोण, हे सांगायला हवं. तिचं नाव तवमणी. जाफन्याजवळच्या एका गावात तिचा नवरा शाळामास्तर होता. तिकडच्या एका बंदूकधारी गटाने त्याच्याकडे वरच्या वर्गातल्या मुलांची यादी मागितली. त्याने दिली नाही. ते त्याला तिच्या देखत घरातून घेऊन गेले आणि पाचव्या दिवशी तो शाळेच्या विहिरीत सापडला. घेऊन जाणाऱ्यांतल्या दोघांना ती नावानिशी ओळखत होती. होडीतून ती इकडे आली, दुसरंच नाव सांगून तिरुवान्मियूरला एका खोलीत राहू लागली, आणि त्याच गटाची पोरं याच भागात भाड्याच्या घरांत राहतात, लुनावरून फिरतात, कोपऱ्यावर चहा पितात, हे तिला आल्यावर कळलं. ती डोक्यावर पदर घेऊन बाजारात जाई. तिला अजून कुणी ओळखलं नव्हतं.

हेमावती तिच्याकडे चार वेळा गेली. पाचव्या वेळी तवमणी बोलायला तयार झाली, तीन अटींवर. नाव नाही, घर नाही, चेहरा नाही. "चेहरा दिसला तर दोन दिवसांत मला नेतील," ती म्हणाली होती. तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग हेमावती म्हणाली होती, "तुमचा चेहरा कुणी बघणार नाही. माझ्यावर सोडा." एवढंच. शपथ नाही, आणाभाका नाहीत. आणि त्या बाईने खरंच सोडलं.

आता त्या बारा सेकंदांचं. कॅमेऱ्याला प्रत्येक नव्या उजेडात पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. भिंगासमोर एक पांढरी वस्तू धरायची, बटण दाबायचं, की बाकीचे रंग जागेवर येतात. पुस्तकातली रीत अशी की हे करताना टेप थांबलेली असावी. पण हेमावती पुस्तकातून शिकली नव्हती. ती शिकली तिच्या वडिलांकडून, जनकोजी रावांकडून, आणि जनकोजी शिकले ते मद्रासच्या लग्नांतून. तिथे मुहूर्ताची वेळ तुमच्यासाठी थांबत नाही. पुरोहिताने मान हलवली की नादस्वरम दणाणतं, ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, गळ्यात पडते आणि ज्याची टेप थांबलेली होती त्याचं सगळ्या वऱ्हाडासमोर नाक कापलं जातं. म्हणून जनकोजींचा नियम: कॅमेरा खांद्यावर चढला की टेप फिरलीच पाहिजे. पांढरंही फिरत्या टेपवरच दाखवायचं. समोर बसलेल्या कुणाच्या तरी हातात रुमाल द्यायचा, हनवटीखाली धरायला सांगायचं, झालं. हा नियम हेमावतीच्या बोटांत मुरला होता, आणि बोटं तुम्हाला विचारून काम करत नाहीत.

काल संध्याकाळी तिने आपला रुमाल तवमणीच्या हातात दिला. तवमणीने धरला. पांढरं झालं. मग हेमावती म्हणाली, "आता खिडकीकडे तोंड करून बसा," आणि पुढची चाळीस मिनिटं फक्त पाठ, केसांचा अंबाडा आणि आवाज. रात्री टेप तपासताना तिने सुरुवात पळवली. सुरुवातीचा पांढरा तुकडा या धंद्यात कुणीच बघत नाही.

लंडनमधला माणूस मात्र पहिल्या सेकंदापासून बघणार होता.

रिक्षा सरदार पटेल रोडला लागली आणि हेमावतीने विचार केला की फोन केला तर? लंडनला सांगायचं, सुरुवातीचा चेहरा कापून टाका. पण त्या डेस्कवरच्या माणसाला ती ओळखून होती. गेल्या आठवड्यात तो तीनदा म्हणाला होता, "चेहरा मिळाला तर ही आमची पहिली बातमी होईल, हेमा. आणि मग तुझ्या वर्षाच्या कराराचं मी बोलून ठेवतो." पाठोपाठ विचारलं होतं, "ती राहते कुठे?" "मला माहीत नाही," तिने सरळ खोटं ठोकलं होतं. आता चेहरा कापा असं सांगणं म्हणजे चेहरा आहे असं सांगणं. तो प्रामाणिक निघालाही असता. पण दुसऱ्याच्या जिवावर तिला त्याची परीक्षा घ्यायची नव्हती. लंडनमध्ये त्या गटाचे लोक प्रत्येक बातमी रेकॉर्ड करून ठेवतात आणि इकडे कळवतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

राजभवनाच्या अलीकडे रिक्षा थांबली. पुढे बस, बसपुढे लॉरी, लॉरीपुढे पोलीस. कुणी मंत्री निघणार होते.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"ते निघेपर्यंत," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने विडी काढली.

सव्वा वाजला होता. तिने हातात सापडली ती नोट त्याला दिली आणि ती चालू लागली, मग पळू लागली. चौतीस वर्षांची बाई, साडीचा काष्टा न घालता, खांद्यावर सहा किलोची बॅग, उजव्या हाताला अजून रसम वाळलेलं. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. गिंडी स्टेशनात तांबरमची गाडी लागलेली होती आणि ती सुटता सुटता हेमावतीने दांडा पकडला. तिरुसुलमला उतरली तेव्हा दोन वाजायला दहा कमी होते. समोर रस्त्यापलीकडे विमानतळ दिसत होता.

दारावरच्या पोलिसाने बॅगेकडे बघितलं. खरं सांगायची सोयच नव्हती. टेपमध्ये काय आहे हे कळलं असतं तर ती आधी त्याच्या साहेबाकडे, मग गुप्तचर खात्याकडे गेली असती, आणि खात्यातून काय कुठे झिरपतं हे चार वर्षांत हेमावतीने पुरेपूर बघितलं होतं.

"लंडनला निघालेत ते, गुरुमूर्ती," ती धापा टाकत तमिळमध्ये म्हणाली. "रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या. मी शेजारची."

"बॅगेत काय?"

"कॅमेरा. आमचा लग्नाचा स्टुडिओ आहे."

लग्नाचा स्टुडिओ म्हटल्यावर पोलिसाचा चेहरा सैल झाला. त्याच्या बहिणीचं लग्न तई महिन्यात होतं, त्याने दर विचारला. हेमावतीने निम्मा सांगितला. तो तिला काउंटरपर्यंत स्वतः घेऊन आला, पण मग तिथून हलेना, आणि ही नवीनच पीडा झाली.

काउंटरवरच्या मुलीने नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा करायच्या आत काचेच्या आडभिंतीपलीकडे गुरुमूर्ती दिसला. सफारी सूट, कपाळावर विभूती, आणि तोंडचं पाणी पळालेलं. कर्मचाऱ्याने दार वीतभर उघडून धरलं.

"तुमच्या गोळ्या," हेमावती रिकामी मूठ त्याच्या तळहातावर ठेवत मोठ्याने म्हणाली, आणि हळू आवाजात, "ते पाकीट पाच मिनिटं द्या. परत देते."

"काय आहे त्यात, अम्मा?" गुरुमूर्तीने विचारलं. "भानगडीचं असेल तर मला नको. मला तीन मुली आहेत."

"भानगड नाही. एका बाईचा जीव आहे. मी चूक केलीय, ती दुरुस्त करायचीय."

गुरुमूर्तीने तिच्या हाताकडे बघितलं. बोटांवर रसम वाळलेलं होतं. हा माणूस आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आला होता. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. पाकीट दाराच्या फटीतून बाहेर आलं.

"गोळ्या दिल्यात ना, मग ते काय घेतलंत?" मागून पोलीस.

"चुकीचं औषध आधी दिलं होतं. थांबा, पाण्याने हात धुऊन येते," असं म्हणत ती बायकांच्या स्वच्छतागृहात शिरली. तिथे तो येऊ शकत नव्हता. मद्रासमध्ये बाई असण्याचे जे थोडे फायदे होते त्यांतला हा एक.

तिने कडी लावली. टेप कॅमेऱ्यात सारली, उलटी फिरवली. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता. रात्री चार्ज करायची राहिली होती. चेहरा नक्की किती वेळ आहे हे बघितल्याशिवाय पुसायचं कसं? तिने डोळा लावला आणि बटण दाबलं.

तवमणी. हनवटीखाली रुमाल. खिडकीतून डाव्या गालावर पडलेला संध्याकाळचा उजेड, भुवईवरचा वण, सुजलेले डोळे, आणि त्या डोळ्यांत भिंगामागच्या बाईवर टाकलेला पुरा भरवसा. एक, दोन, तीन, बारा. मग ती वळली.

हेमावतीला लाज वाटली, आणि ती चुकीची नव्हती. लाज याची की तो शॉट अप्रतिम होता. चार वर्षांत तिने घेतलेला सगळ्यांत चांगला. हा लंडनला पोचला असता तर वर्षाचा करार, भाड्याने लागणारी मोठी सामग्री, कोलंबोचं तिकीट, सगळं आपोआप आलं असतं. ती एक क्षण थांबली. थांबली हे तिने पुढे कधी नाकारलं नाही.

मग भिंगावर झाकण लावलं, टेप मागे घेतली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. काळोख. तिने मोजायला सुरुवात केली. बाहेर पोलिसाच्या बुटांचा आवाज येत होता. दहा. लाल दिवा भराभर लुकलुकू लागला. पंधरा. अठरा. बाराच्या पुढे जितकं जाईल तितकं बरं. बावीसला तिने बटण सोडलं, टेप बाहेर काढण्याचं बटण दाबलं, यंत्र रडल्यासारखं कुरकुरलं, झाकण अर्धं उघडलं आणि कॅमेरा मेला. तिने नखं घालून टेप बाहेर ओढली. चौथ्या बोटाचं नख तुटलं.

गुरुमूर्ती तिथेच उभा होता. तिने पाकीट त्याच्या हातात दिलं. "दोन जेवणाआधी," पोलिसाला ऐकू जाईल असं ती म्हणाली. गुरुमूर्तीने मान हलवली आणि तो आत गेला. पावणेतीनला विमान उडाल्याचा आवाज तिने बाहेर, कॉफीच्या टपरीपाशी उभं राहून ऐकला. तिने लागोपाठ दोन कॉफ्या प्यायल्या. मन हलकं झालं होतं. तवमणीला यातलं काही कधी कळणारही नाही, असं तिला वाटलं, आणि त्याचंच तिला सगळ्यांत बरं वाटलं.

घरी यायला चार वाजून गेले. यावेळी ती पुढच्या रस्त्याने आली, आणि फुटपाथवरच थबकली.

घर वरच्या मजल्यावर आणि खाली जनकोजींचा स्टुडिओ. स्टुडिओच्या दर्शनी काचेमागे एक मोठा रंगीत टीव्ही होता आणि त्यावर सकाळी नऊपासून दुकान बंद होईपर्यंत कुणाचं ना कुणाचं लग्न चालू असे. बसची वाट बघणारे लोक तिथे उभे राहून परक्यांच्या सुना-जावयांना नावं ठेवत. गेल्या सात वर्षांत तो टीव्ही दिवसा बंद असलेला हेमावतीने बघितला नव्हता. आज काच काळी होती.

जनकोजी आत स्टुलावर बसले होते. समोर कॉफीवर साय धरलेली.

"अप्पा, टीव्ही का बंद आहे?"

"एक बाई आली होती ग," जनकोजी म्हणाले.

दुपारी आत्या म्हणाल्या होत्या, कॉफी घेऊन खाली गेलेतें, तेव्हां बघितलें. खाली. हे खाली तिच्या डोक्यात आत्ता उतरलं.

"तुम्ही माझी टेप लावली होती," ती म्हणाली. "काचेत."

"पाठवायच्या आधी नेहमीसारखी कॉपी केली, ती तशीच लावून दिली. सकाळी दहापासून." जनकोजी तिच्याकडे न बघता बोलत होते. "लोक विचारतात मला, तुमची पोर गळ्यांत डबा घालून गावभर काय करते म्हणून. मला वाटलं, बघू देत एकदां. तूंच सांगट्लीस नव्हे काल, ह्यांत कोणाचं तोंड दिसत नाही. मी कोठे बसून बघितलों? गिऱ्हाईक येतात, जातात. संपली की पुन्हा आरंभापासून लावत होतों."

चाळीस मिनिटांची टेप. दहापासून. हेमावतीने मनातल्या मनात भागाकार केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"बाईचं सांगा."

"अडीचच्या सुमारास आली. डोक्यावर पदर. काचेबाहेर उभी राहून शेवटपर्यंत बघितली. मग आंत आली आणि म्हणाली, आरंभापासून पुन्हा दाखवाल का? मी आनंदाने दाखवलों. कोणी तुझं काम इतक्या मनापासून बघतंय, मला बरं वाटलं." त्यांनी कॉफीचा पेला दूर सारला. "आरंभ बघून तिने विचारलं, हे केव्हांपासून चालू आहे? मी सांगट्लों, सकाळपासून, उद्यांही लावणार आहे. ती बरं म्हणाली. पाणी मागितलं. प्याली. आणि हे तुला द्यायला सांगून गेली. ती वळली तेव्हां भुवई दिसली मला, हेमा. तेव्हां कळलं."

काउंटरवर हेमावतीचा रुमाल होता. धुतलेला, इस्त्री केलेला. काल घाईत तो तवमणीकडेच राहिला होता. तो परत द्यायलाच ती हेमावतीने दिलेल्या पत्त्यावर एवढ्या उन्हात चालत आली होती.

"अजून कोण कोण उभं होतं, अप्पा? लुनावाली पोरं होती?"

"असतात की. रोजच असतात," जनकोजी म्हणाले आणि त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले.

तिरुवान्मियूरच्या खोलीचं दार उघडं होतं. घरमालकीण अलमेलू दारातच भेटली. "तासाभरापूर्वी गेली. एक पिशवी घेऊन. चुलीवरचा भातसुद्धा उतरवला नाही, मी उतरवला. तुम्हाला ठाऊक असेल ना, कुठे गेली? तुम्हीच तर येत होतात तिच्याकडे." हेमावती आत गेली. कालची खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून होती. ती रात्रीपर्यंत बसस्टँडवर हिंडली, छावणीतून शहरात आलेल्या ओळखीच्या बायकांना विचारलं, पुढे तीन दिवस इस्पितळांत आणि, ज्याचं नाव तोंडाने घेववत नाही, त्या इस्पितळांमागच्या थंड खोल्यांतही जाऊन आली. कुठेच नव्हती. याचा अर्थ ती वाचली असा घ्यायचा की आणखी काही, हे ठरवायला हेमावतीपाशी काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी लंडनचा फोन आला. बातमी चांगली गेली होती, चेहरा नसूनही. लोक हलले होते. सुरुवातीला वीसेक सेकंद नुसता काळोख कसा, असं त्या माणसाने विचारलं. कॅमेऱ्यात बिघाड होता, हेमावती म्हणाली. ठीक आहे, तो म्हणाला, कराराचे कागद टपालात टाकतो. आणि त्या बाईची आणखी एक मुलाखत हवीय.

"हेमा, खरं सांग. ती राहते कुठे?"

खाली दुकानात टीव्ही बंदच होता. जनकोजींनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. हेमावतीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

तो पलीकडे हसला. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला नाही.